दाढा बसवण्याआधी हिरड्या बघा: आईसाठी इम्प्लांट, ब्रिज की कवळी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय 58, राहायला कागल तालुक्यात गावी. काही वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मिशरीची सवय लग्नाआधीपासूनची. खालची उजवीकडची पहिली दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. मग डावीकडच्या खालच्या दोन्ही दाढा हलायला लागल्या म्हणून काढल्या. आता डावीकडचीच वरची एक दाढ हलतेय. कोल्हापुरात तीन ठिकाणी दाखवून झालं. एका डॉक्टरांनी तीन इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर बसवायचे दात) सांगितले, प्रत्येकी 35 हजार. दुसऱ्यांनी उजवीकडे ब्रिज (शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधला दात) आणि डावीकडे काढती-घालती कवळी. तिसऱ्यांनी सगळेच दात काढून तीन दिवसांत फिक्स दात. तिघांपैकी कुणाचं ऐकायचं आणि पैसे कशात घालायचे, हे तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं दात बसवण्याचंच काम करते, त्यामुळे मीही लगेच इम्प्लांट की ब्रिज यावर बोलायला लागेन असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या मजकुरात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एक शब्द, ‘हलायला लागल्या’. दाढ किडून जाणं वेगळं आणि हलून जाणं वेगळं. किडून गेली तर तो त्या एका दाढेचा प्रश्न असू शकतो. हलून गेली याचा अर्थ तिला धरून ठेवणारं हाड खाली गेलं, आणि हाड सहसा एकाच दाढेभोवती जात नाही. तोंडात अजून पंचवीसेक दात असतील. ते कशावर उभे आहेत हे कळल्याशिवाय गेलेल्या तीन दाढांच्या जागी काय बसवायचं, हे कुणालाच नीट सांगता येणार नाही. मलाही नाही.

म्हणून पहिली गोष्ट विचारते. तिघांपैकी कुणी आईच्या हिरड्या मोजल्या का? हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट असते. मिलिमीटरच्या खुणा असलेली, टोकाला बोथट अशी सळई आम्ही हलक्या हाताने त्या फटीत सोडतो. हिरडी चांगली असेल तर ती 2-3 मिलिमीटरवर थांबते. पायोरिया (दाताभोवतीचं हाड जाणारा हिरड्यांचा आजार) झालेल्या दाढेपाशी तीच सळई 6, 7, कधी 8 मिलिमीटरपर्यंत खाली जाते आणि बाहेर काढली की मागोमाग रक्त येतं. प्रत्येक दाताभोवती सहा जागी मोजायचं आणि आकडे लिहून ठेवायचे. पेशंटला यात विशेष त्रास नसतो, डॉक्टरांचा मात्र वेळ जातो. हा तक्ता आणि एक ओपीजी एक्स-रे, म्हणजे सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा, हातात असेल तर पुढचं सगळं बोलणं सोपं होतं.

आता मिशरी. आमच्या भागात हा विषय काढला की घरचे म्हणतात, ‘अहो, ती काय तंबाखू खात नाही, नुसती मिशरी लावते.’ मिशरी ही तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच आहे. ती बोटाने जिथे रोज घासली जाते तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं आणि दातही झिजतो. निकोटिनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. सोबतीला शुगर असेल तर हाड आणखी लवकर जातं. उलटही खरं आहे. हिरड्यांना सूज असेल तर शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, आणि हिरड्यांचे उपचार नीट झाले की एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) साधारण 0.4 टक्क्यांनी खाली येतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे. आकडा छोटा वाटेल, पण शुगरचे डॉक्टर तेवढ्यासाठी कधी कधी एखादी गोळी वाढवतात.

मिशरी सोडायला सांगितलं की बायका मला एकच अडचण सांगतात: ‘मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण ते खरंच असतं. निकोटिनने आतड्यांना चालना मिळते आणि शरीराला त्याची सवय झालेली असते. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड होणारच. आईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘सोडली आणि आजारी पडले’ असं होणार नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, लागलं तर डॉक्टरांना विचारून काही दिवस पोटाचं औषध. दिवसातून चार वेळा लावत असतील तर आधी दुपारच्या वेळा बंद करायच्या आणि सकाळची सगळ्यात शेवटी, असं केलेलं बऱ्याच जणींना जमतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवाही आहे, 1800-11-2356. आणि घरात सासू, जाऊ, शेजारीण लावत असेल तर त्यांनाही सोबत घ्या, एकटीला ते फार कठीण जातं.

मिशरी चालू ठेवून इम्प्लांट घातला तर काय होतं, हेही स्पष्ट सांगते. आपला दात हाडात थेट घट्ट बसलेला नसतो, मुळाभोवती बारीक तंतूंची झालर असते आणि दात तिच्यावर तोलून असतो. हिरडीचे तंतूही दाताच्या मुळात रुतलेले असतात, त्यामुळे वरून येणारा जंतुसंसर्ग थोडा तरी अडतो. इम्प्लांटला ही झालर नसते. टायटॅनियमच्या स्क्रूला हाड थेट चिकटतं आणि हिरडी त्याच्याभोवती नुसती कॉलरसारखी बसते. तिथे घाण साचली की सूज सरळ हाडात उतरते, आणि दुखतही नाही. दुखायला लागेपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं. ज्यांचे दात पायोरियाने गेले त्यांच्यात हा धोका जास्त, तंबाखू असेल तर आणखी जास्त. म्हणून तीन इम्प्लांट सांगणारे डॉक्टर चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही, पण हिरड्यांचा उपचार न करता लगेच सुरुवात करणार असतील तर थांबा.

क्रम असा ठेवा. एचबीएवनसी करून घ्या. 7 च्या आसपास असेल तर उत्तम. 8 च्या वर असेल तर इम्प्लांटची घाई नको, आधी शुगरच्या डॉक्टरांकडे. सोबतच हिरड्यांचा उपचार सुरू करायला हरकत नाही, तो शुगर जास्त असली तरी टाळायचा नसतो. यात वरवरची सफाई पुरत नाही. भूल देऊन हिरडीच्या आतली, मुळावरची घाण काढावी लागते, दोन-तीन बैठका लागतात. मग साधारण सहा ते आठ आठवडे थांबायचं आणि पुन्हा तीच सळई घेऊन मोजायचं. खोली कमी झाली, रक्त यायचं थांबलं, तर पुढे जायचं.

या मधल्या काळात घरी काय होतं यावर बरंचसं ठरतं. हिरडीतून रक्त आलं की ब्रश करायचं सोडायचं, ही सवय मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. आईंना सांगा, रक्त येतं ती जागा नीट साफ होत नाही म्हणून येतं. तिथेच हळू पण रोज ब्रश फिरवला की आठ-पंधरा दिवसांत कमी होतं. दातांच्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा, पण काडीएवढा ब्रश मिळतो, इंटरडेंटल ब्रश म्हणतात. केमिस्टकडे तीन-चार मापांत असतो. कुठल्या फटीला कुठलं माप, हे डॉक्टरांकडून आरशात दाखवून घ्या आणि मग आईंना स्वतःच्या हाताने करायला लावा. चष्मा लावून, उजेडात. मी माझ्या पेशंटना हे जमल्याशिवाय पुढच्या खर्चाचं बोलतच नाही, कारण ब्रिज असो की इम्प्लांट, तो टिकणार आहे तो याच हातावर.

आता उजवी बाजू. मधली एक दाढ गेलीये, पुढे-मागे दात आहेत. इथे ब्रिज की इम्प्लांट, हे शेजारच्या दातांवर ठरतं. ब्रिजसाठी दोन्ही शेजारी तासावे लागतात, आणि पूर्ण कॅपसाठी तासताना हिरडीबाहेर दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून जास्त भाग जातो. ते दात अख्खे, न किडलेले असतील तर एका गेलेल्या दाढेसाठी दोन चांगले दात तासणं मला पटत नाही. तिथे इम्प्लांट बरा. पण शेजारच्या दाढेचं रूट कॅनॉल झालेलं असेल, मोठं सिमेंट भरलेलं असेल, म्हणजे तिला एरवीही कॅप लागणारच असेल, तर ब्रिज शहाणपणाचा, कमी खर्चाचा आणि कमी वेळात होणारा. तिसरी शक्यताही आहे. सळईने मोजल्यावर मागची दाढच हलती निघाली तर ब्रिजचा खांबच कच्चा, मग ब्रिज बाद. दुसऱ्या डॉक्टरांनी ब्रिज सांगितला तेव्हा शेजारच्या दातांविषयी काय म्हणाले, ते आठवून बघा.

डावीकडचा प्रश्न जास्त नाजूक आहे. खालच्या दोन्ही दाढा गेल्या. मागे अक्कलदाढ नाही असं धरून चालते, म्हणजे मागे खांब नाही आणि साधा ब्रिज होत नाही. उरतं ते इम्प्लांट किंवा कवळी. पण त्याआधी वर बघा. खाली दाढ नसली की वरची दाढ टेकायला काही न मिळाल्याने हळूहळू खाली उतरते. मूळ हाडाबाहेर येतं आणि दाढ हलायला लागते. तुम्ही म्हणता ती वरची हलती दाढ डावीकडचीच आहे, त्यामुळे मला हीच शंका येते. ती वाचणार नसेल, तर खाली 70 हजारांचे दोन इम्प्लांट घालून ते चावणार कशावर? तिथेही मग वर इम्प्लांट हवा असं निघेल. वरच्या दाढांच्या मुळाशी सायनसची (नाकाशेजारची) पोकळी असते, दाढ काढल्यावर ती आणखी खाली उतरते. हाड 4-5 मिलिमीटरच उरलं असेल तर सायनस उचलून हाड भरावं लागतं. तो खर्च आणि वेळ तुम्हाला आत्ता कुणी सांगितलेला दिसत नाही.

म्हणून डावीकडे मी आधी वरच्या दाढेचा निकाल लावेन. हिरड्यांच्या उपचाराने ती घट्ट झाली, तर खाली पहिल्या दाढेच्या जागी एकच इम्प्लांट विचारात घेईन. दोन गेल्या म्हणून दोनच बसवायला हव्यात असं नाही. चावण्याचं मुख्य काम पहिली दाढ करते. नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठातल्या दंतवैद्यांनी 1980 च्या दशकातच दाखवलं की पुढचे दात आणि उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) मिळून वीसेक दात जोडीने भेटत असतील तर बहुतेक माणसं व्यवस्थित जेवतात, मागची प्रत्येक दाढ भरून काढायलाच हवी असं नाही. वरची दाढ गेली तर डावीकडे काही महिने काहीच न बसवता, उजवी बाजू नीट करून, आईंना जेवायला कसं जमतंय ते बघायचं, हाही पर्याय आहे. पैसे नाहीत म्हणून करायची तडजोड म्हणून मी हे सांगत नाहीये. भाकरी आणि मटण नीट चावता येत असेल तर रिकामी जागा रिकामी ठेवणं हाही उपचाराचा निर्णय असतो.

कवळीबद्दल थोडं. एका बाजूची दोन दाढांची काढती-घालती कवळी गावाकडच्या बायका फार दिवस वापरत नाहीत, हा माझा अनुभव. खालची कवळी जिभेला लागते, खाली अन्न अडकतं, आणि ती महिन्याभरात डबीत जाऊन बसते. बसवायचीच असेल तर दोन्ही बाजूंना पकडणारी धातूची पातळ कवळी करून घ्या, नुसती गुलाबी प्लास्टिकची हिरडीवर रुतते. ज्यांचे खालचे सगळे दात आधीच गेलेत त्यांची गोष्ट निराळी. तिथे दोन इम्प्लांट घालून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी बसवली तर माणसाचं जेवणच बदलतं. पण आईंची ती वेळ आलेली नाही, आणि येऊ नये.

हे मी तिसऱ्या सल्ल्याकडे बघून म्हणतेय. सगळे दात काढून तीन दिवसांत फिक्स दात. याच्या जाहिराती मीही बघते. हाड फारच कमी उरलंय, दात वाचण्यासारखे नाहीत, अशा पेशंटसाठी लगेच दात देण्याच्या पद्धती आहेत आणि योग्य हातात त्या चालतातही. पण तीन दाढा गेलेल्या, बाकी दात तोंडात असलेल्या बाईचे सगळे दात काढणं, आणि तेही हिरड्या न मोजता, हे मला मान्य नाही. काढलेला दात परत येत नाही. दात काढल्यावर त्या जागेच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षातच जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते. शिवाय मिशरी आणि शुगर तीच राहणार, म्हणजे ज्या कारणाने दात गेले तेच कारण नव्या दातांनाही लागू. या पर्यायाला तुम्ही आत्ता नाही म्हणा. पुढे खरंच एकेक दात जायला लागला तर तो विचार तेव्हाही करता येतो.

आईंना भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून इम्प्लांटचं काम प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. दाढ काढताना देतात तीच भूल. हिरडी थोडी उघडून आधी साधारण 2 मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने छिद्र, मग क्रमाने जाड ड्रिल. हाड 47 अंशांच्या पुढे मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते, म्हणून सतत गार सलाइनचा फवारा चालू असतो. तोंडात पाणी भरतंय असं वाटतं, सक्शनने ते ओढून घेतात. मग साधारण 4 मिलिमीटर जाड, 10 मिलिमीटर लांब स्क्रू सावकाश फिरवून बसवतात, वर झाकण, एक-दोन टाके. एका इम्प्लांटला बहुतेक वेळा तासाभराच्या आत होतं, आणि पेशंट म्हणतात की दाढ काढताना याहून जास्त त्रास झाला होता. संध्याकाळी थोडी सूज, दोन दिवस मऊ भात. खाली हाड चिकटायला साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात जास्त. मग माप घेऊन कॅप. आधी थ्रीडी स्कॅन मात्र हवाच, कारण खालच्या दाढांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते आणि तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं. वरची दाढ काढली की नजर जाते, ही गावातली भीती मनातून काढून टाका. दाढ आणि डोळा यांच्या नसा वेगळ्या आहेत.

एक गोष्ट आईंना नक्की विचारा: हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन चालू आहे का? या वयात बऱ्याच बायकांना ते दिलेलं असतं आणि दाताच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. त्यातल्या काही औषधांनी कधी कधी जबड्याची जखम भरत नाही, दाढ काढतानाही ते माहीत असायला हवं. रक्त पातळ होण्याची गोळी असेल तीही सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

इम्प्लांटच्या ‘लाइफटाइम गॅरंटी’बद्दल विचारलंत. निरोगी माणसात 10 वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट जागेवर असतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण जागेवर असणं आणि भोवतीचं हाड चांगलं असणं यात फरक आहे. भोवती हाड जाण्याचा त्रास इम्प्लांटच्या साधारण पाच पेशंटांपैकी एकाला होतो. कंपनी गॅरंटी देते ती स्क्रूची, हाडाची नाही. स्ट्रॉमन, नोबेल, ऑस्टेम किंवा दुसरं काहीही घ्या, डब्यावरचा नंबर असलेला स्टिकर स्वतःच्या फाइलला लावून मागा. दहा वर्षांनी आतला छोटा स्क्रू सैल झाला तर त्या नंबरावरूनच योग्य पार्ट मिळतो, नाहीतर चांगला इम्प्लांटही दुरुस्त करता येत नाही. आणि 35 हजारांत काय काय येतं ते लिहून घ्या: स्कॅन, कॅप, हाड भरावं लागलं तर ते, दरवर्षीची तपासणी.

खर्च जड जात असेल तर न्यू पारगावचं तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही, सांगलीला भारती विद्यापीठाचं आहे. दंत महाविद्यालयांत दर सहसा कमी असतात, वेळ जास्त जातो, पण हिरड्यांचा तक्ता, एक्स-रे, वेगवेगळ्या विभागांचं मत हे सगळं एका छताखाली होतं. आईंच्या बाबतीत हिरड्यांचा उपचार तिथे करून घ्यायला मला काहीच हरकत वाटत नाही.

आत्ता करायचं ते एवढंच: मिशरी बंद करायला सुरुवात, एचबीएवनसी, ओपीजी आणि हिरड्यांचं मोजमाप. डावीकडची वरची दाढ किती हलते आणि तिच्याभोवती किती खोल जातंय, तो आकडा विशेष लिहून घ्या. रिपोर्ट आले की उजवीकडच्या शेजारच्या दोन दातांचा एक्स-रे आणि तो आकडा मला कळवा, मग ब्रिज की इम्प्लांट यावर नेमकं बोलता येईल.